पहिला रोबो करतोयस ना?
भाऊ, मोटर थेट आर्डुइनोच्या (रोबोला चालवणारा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) पिनला जोडू नकोस. पिनवर 20 मिलिअँपिअरच्या वर भार टाकू नये, मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. मध्ये मोटर ड्रायव्हर घाल, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला बॅटरीतून प्रवाह देणारं सर्किट. बॅटरीचा आणि बोर्डाचा ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोड. हे विसरून मी जळगावात अख्खा रविवार प्रोग्राममधली चूक शोधत बसलो होतो, दोष एका वायरीचा!

रेषेवर चालणाऱ्या गाडीचे सेन्सर खोलीतल्या उजेडाला जुळवून ती अंगणात पळवलीस तर भरकटणारच. ते सेन्सर अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) किरणांवर चालतात आणि उन्हात तेच भरपूर (आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तर विचारूच नको). जिथे पळवायची तिथेच सेन्सर जुळव.

रोबोचा महागडा तयार संच सध्या राहू दे. भंगारातला प्रिंटर खोल, मोटर, गिअर, दांडे सगळं निघतं.