'प्रिसिपिटेट' निर्णय म्हणजे कसला निर्णय?

प्रश्न असा आहे : शाळेत 'प्रिसिपिटेट' म्हणजे अवक्षेप असं शिकलो, मग 'प्रिसिपिटेट डिसिजन' ही काय भानगड?

शब्द एकच आहे. लॅटिनमध्ये 'प्राए' म्हणजे पुढे आणि 'कापुट' म्हणजे डोकं. या दोहोंपासून झालेल्या शब्दाचा अर्थ डोकं पुढे करून कोसळणारा. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहा. पाणी दुधाळ होतं, पांढऱ्या गुठळ्या धरतात आणि हळूहळू परीक्षानळीच्या तळाशी बसतात. खाली पडतात म्हणून त्या प्रिसिपिटेट. पाऊस, हिम, गारा या साऱ्यांना मिळून प्रिसिपिटेशन म्हणतात, तेही त्यामुळेच. तुटलेल्या कड्याला म्हणतात तो 'प्रेसिपिस'ही याच घरातला.

निर्णयाला हे विशेषण लावलं की तो कडा सोबत येतो. म्हणून 'घाईचा' एवढा अर्थ पुरत नाही. गाडी गाठायची म्हणून चार घास पटापट खाल्ले तर ते 'हेस्टी' जेवण, त्यात कुणाची चूक असेलच असं नाही. 'प्रिसिपिटेट' म्हणणारा मात्र ठपका ठेवतो : थांबायला हवं होतं, विचार करायला हवा होता.

मराठीत मला सगळ्यात जवळचा वाटतो 'तडकाफडकी'. तडकाफडकी राजीनामा, तडकाफडकी निघून जाणं, इथे तो चपखल बसतो. पण तडकाफडकी केलेली कारवाई योग्यही असू शकते, तेव्हा ठपका हवाच असेल तर 'अविचाराने' जोडावं. 'उतावळा' मी टाळेन. उतावळेपणा कृतीच्या आधीचा, मनातला. गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या नवऱ्याचं लग्न अजून लागायचंच असतं. 'आततायी' शब्दात आक्रमकपणा येतो, तो इथे असेलच असं नाही. आणि पुढे काय होतं ते सांगायला आपल्याकडे फार सुंदर प्रयोग आहे : तोंडघशी पडणे. लॅटिनमधलं ते पुढे केलेलं डोकं मला तिथेच दिसतं!

उच्चार सांभाळा. क्रियापदाचा शेवट 'टेट', विशेषणाचा मात्र आखूड, 'टट'सारखा. आणि 'प्रिसिपिटस' हा वेगळा शब्द आहे. तो घाईसाठीही वापरलेला दिसतो, पण मी तो उभ्या चढ-उतारासाठी आणि भावांच्या एकदम झालेल्या घसरणीसाठीच राखून ठेवतो.