जुन्या वर्डप्रेस प्लगइनमध्ये कोडस्निफर हजारो चुका दाखवतोय. शुक्रवारपर्यंत आकडा शून्यावर कसा आणू?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं प्लगइन तुमच्याकडे आलंय, पीएचपी कोडस्निफर (कोड ठरलेल्या नियमांवर तपासणारं टूल) हजारो चुका ओकतोय आणि लीडला शुक्रवारी शून्य आकडा हवाय. तो शून्य वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

शून्याच्या मागे लागू नका. त्या हजारांत बहुतेक तक्रारी टॅब-स्पेसच्या, कंसातल्या मोकळ्या जागेच्या, कॉमेंटच्या शेवटी पूर्णविराम नाही असल्या असणार. रिपोर्टचा प्रकार 'सोर्स' देऊन पुन्हा चालवा, म्हणजे कोणता नियम किती वेळा मोडलाय ते एका पानात दिसेल. त्यातले एस्केप आउटपुट (पानावर छापायचा डेटा निर्धोक करणं), नॉन्स व्हेरिफिकेशन (विनंती आपल्याच पानावरून आली का ते टोकनने तपासणं) आणि प्रिपेअर्ड एसक्यूएल (बाहेरचा डेटा डेटाबेसच्या क्वेरीत थेट न चिकटवणं) हे आधी घ्या. बाकीचे थांबू शकतात.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका छोट्या एजन्सीत होते. ट्रेक नेणाऱ्या एका ग्रुपचं नावनोंदणीचं प्लगइन आमच्याकडे आलं. नाव, मोबाइल, रक्तगट, अडचणीच्या वेळी घरच्या कुणाला फोन करायचा त्याचा नंबर, सगळं त्यात. कोडस्निफरने चार हजारांवर चुका काढल्या. आमच्या लीडने अख्ख्या फोल्डरवर पीएचपीसीबीएफ (फॉरमॅटिंगच्या चुका आपोआप दुरुस्त करणारं कोडस्निफरचं जोडटूल) फिरवलं, आकडा तीनशेच्या आत आला. उरलेल्या ओळींशेजारी 'पीएचपीसीएस इग्नोर'ची, म्हणजे या ओळीची तक्रार करू नको अशी, कॉमेंट टाकली, आकडा शून्य. सगळं एकाच कमिटमध्ये, नाव 'कोड क्लीनअप'. क्लायंटला स्क्रीनशॉट गेला. मी मीटिंगमध्ये म्हटलं की या तीनशे ओळी कुणीतरी वाचायला हव्यात. उत्तर मिळालं, "टूल क्लीन म्हणतंय. तुला टूलपेक्षा जास्त कळतं का?"

त्या संध्याकाळी मी बसून वाचलं. इग्नोरच्या कॉमेंट न मानता चालवायची सोय कोडस्निफरमध्येच आहे, 'इग्नोर अ‍ॅनोटेशन्स' नावाने. तिसऱ्या की चौथ्या फाइलमध्येच एक क्वेरी सापडली. यादी कशाने लावायची ते यूआरएलमधून येत होतं आणि ते जसंच्या तसं क्वेरीतल्या 'ऑर्डर बाय'ला, म्हणजे क्रम ठरवणाऱ्या भागाला, चिकटवलं होतं. इथे लीडची अडचण खरी होती, हे मान्य करते. 'प्रिपेअर'मध्ये (बाहेरचा डेटा क्वेरीत सुरक्षितपणे घालणाऱ्या फंक्शनमध्ये) कॉलमचं नाव स्ट्रिंग म्हणून दिलं की त्याला अवतरणचिन्हं लागतात आणि क्रमच लागत नाही. कॉलमच्या नावांसाठी वेगळा प्लेसहोल्डर वर्डप्रेस ६.२ मध्ये, २०२३ साली आला. तोवर सरळ उपाय होता: चालतील त्या कॉलमांची नावं अ‍ॅरेत लिहायची आणि आलेलं नाव त्यात नसेल तर घ्यायचं नाही. दहा मिनिटांचं काम. तिथे इग्नोर टाकला होता.

पण मोठं भोक टूलने दाखवलंच नव्हतं. सगळ्या नोंदी सीएसव्हीत उतरवून घ्यायचा एक अजॅक्स हँडलर (ब्राउझरकडून मागच्या मागे येणारी विनंती हाताळणारं फंक्शन) होता. नॉन्स तपासला जात होता, म्हणून कोडस्निफर गप्प. परवानगीसाठी मात्र 'इज_अ‍ॅडमिन' लावलं होतं. हे फंक्शन समोरचा माणूस अ‍ॅडमिन आहे का ते पाहतच नाही. विनंती अ‍ॅडमिनच्या बाजूची आहे का एवढंच सांगतं, आणि अ‍ॅडमिन-अजॅक्सच्या वाटेने कुणीही आलं तरी उत्तर 'हो'च. तो नॉन्सही लॉगिन केलेल्या प्रत्येकाच्या पानाच्या सोर्समध्ये छापला जात होता.

स्टेजिंगवर (चाचणीच्या साइटवर) लाइव्ह डेटाची कॉपी होती. मी साधं सबस्क्रायबरचं खातं उघडलं, सोर्समधून नॉन्स उचलला, लिंक मारली. फाइल उतरली. हरिश्चंद्रगडच्या बॅचमध्ये माझ्या मावसभावाचं नाव, रक्तगट आणि शेजारी मावशीचा मोबाइल नंबर. ती ओळ मी बराच वेळ बघत राहिले. 'करंट_यूजर_कॅन'ची (समोरच्याला परवानगी आहे का ते पाहणाऱ्या फंक्शनची) एक ओळ घातली की विषय संपत होता, पण ती ओळ तिथे नाही हे माणसाने वाचल्याशिवाय कळणार नव्हतं.

टूल कोणतं, हेही तुम्ही विचारलंय. कोडस्निफरसोबत पीएचपीस्टॅन (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल) घ्या, पण वर्डप्रेसचं एक्स्टेन्शन जोडूनच, नाहीतर वर्डप्रेसचं प्रत्येक फंक्शन त्याला अनोळखी वाटेल. लेव्हल शून्यापासून सुरू करा, जुन्या चुकांची बेसलाइन (सध्या दुर्लक्षायच्या चुकांची यादी) करा आणि नवीन कोड तेवढा कडक तपासा. सर्व्हर पीएचपी ८ वर जाणार असेल तर पीएचपी कम्पॅटिबिलिटीचे नियमही लावा. जुन्या प्लगइनांत 'क्रिएट_फंक्शन' हमखास सापडतं आणि ८.० मध्ये ते काढून टाकलंय.

पीएचपीसीबीएफ वापरू नका असं माझं म्हणणं नाही. मी रोज वापरते. फक्त फॉरमॅटिंगचा कमिट वेगळा ठेवा आणि त्याचा हॅश गिटच्या 'इग्नोर रेव्ह्ज' फाइलमध्ये टाका, म्हणजे कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या 'ब्लेम'ने वगळायच्या कमिटांच्या यादीत. आमच्याकडे त्या क्लीनअपनंतर ब्लेम पाहिला तर जवळपास प्रत्येक ओळीवर लीडचं नाव. 'इज_अ‍ॅडमिन' कुणी आणि का लिहिलं, ते शोधण्यात अर्धा दिवस गेला. इग्नोरही कधीकधी रास्त असतो, पण नियमाचं नाव लिहून, पुढे दोन डॅश देऊन कारण लिहा. कारण सुचत नसेल तर तो इग्नोर काढा.

आणि शुक्रवारी लीडसमोर शून्याऐवजी एक यादी ठेवा. प्लगइनमधला प्रत्येक अजॅक्स हुक, प्रत्येक अ‍ॅडमिन-पोस्ट, प्रत्येक रेस्ट रूट, म्हणजे बाहेरून विनंती येऊ शकते अशी प्रत्येक वाट, आणि शेजारी एकच रकाना: हे कोण चालवू शकतं? माझ्या यादीत १४ ओळी होत्या. तीन ठिकाणी त्या रकान्यात 'कुणीही' लिहावं लागलं.