चिमणाबाई: एक बाई दोन नावं, की एक नाव दोन बायका?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या तुमच्या जुन्या घराच्या संवत १९८१ च्या दस्तात पणजींचं नाव ‘चिमणाबाई’ आहे. माळ्यावरून निघालेल्या पितळी तांब्यावर मात्र ‘चि. सौ. कां. गोदावरी, शके १८२९’ असं कोरलेलं आहे. या दोघी एकच का, गायकवाडांच्या राणीसाहेबांचं पाहून पणजींचं नाव चिमणाबाई ठेवलं असेल का, आणि पुढच्या महिन्यात बारसं असलेल्या भाचीला हे नाव शोभेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मधला प्रश्न आधी घेतो, कारण खालच्या बऱ्याच उत्तरांत ‘हे गायकवाडांचं नाव आहे’ असं ठोकून दिलंय. तसं नाही. चिमणाबाई हे साध्या मराठी घरातलं लाडाचं नाव. चिमणा म्हणजे इवला, धाकटा. ‘चिमणी पावलं’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पक्ष्याचे पाय येत नाहीत, तसंच हे. चिमा, चिमी, चिमू, चिमाबाई, चिमणाबाई ही सगळी त्याच गोतावळ्यातली. पुरुषांत चिमाजी, चिमणाजी, चिमणराव. आपल्या बडोदा कॉलेजात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी ‘चिमणराव’ अख्ख्या महाराष्ट्राच्या घरात पोचवला, तो इथलाच म्हणायचा.

या नावाची एक गंमत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. १७३९ साली वसई घेणारे चिमाजी अप्पा हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. १७९६ च्या गोंधळात काही काळ पेशवाईच्या गादीवर बसवले गेलेले दुसरे चिमणाजी अप्पा हे दुसऱ्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. १८५७ च्या उठावात हात असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी ज्यांना कराचीला नेऊन ठेवलं ते कोल्हापूरचे चिमासाहेबही छत्रपतींचे धाकटे भाऊच. तिन्ही वेळा धाकटी पाती. घरच्यांनी हौसेने हाक मारली आणि तीच पुढे कागदावर चढली, असं हे नाव.

बायकांच्या बाबतीत लाडाचं नाव कागदावर चढायला आणखी एक कारण असायचं. नातीला आजीचं नाव ठेवलं की सुनेची पंचाईत. सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मग पोरीला हाक कशी मारणार? म्हणून पाळण्यात सरस्वती आणि घरात चिमी. लग्न होईपर्यंत सरस्वती कुणाला आठवतही नसे. ठकूबाई, तानाबाई, लाडूबाई, बाळाबाई ही नावं पाहा, सगळी याच पठडीतली. महादजी शिंद्यांची लेक बाळाबाई, जिच्या नावाचा बाजार ग्वाल्हेरला लष्करात आजही आहे, तिचं नावही असंच लाडाचं.

आता बडोदं. इथे ‘चिमणाबाई’ म्हटलं की राणी आठवते, पण कोणती, हे विचारल्यावर शहरातले जाणते लोकही अडखळतात. कारण राण्या दोन होत्या आणि दोघींचं जन्माचं नाव चिमणाबाई नव्हतं.

पहिली तंजावरची, मोहित्यांच्या घरातली, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. सयाजीरावांशी लग्न १८८० च्या जानेवारीत झालं आणि इथे येऊन ती चिमणाबाई झाली. तिच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि वादकांचा ताफाही आला. बडोद्याच्या दरबारात भरतनाट्यम आलं ते या लग्नाच्या पावलांनी. १८८५ च्या मे महिन्यात क्षयाने ती गेली. मुलगा फत्तेसिंहराव तेव्हा जेमतेम चालता झालेला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराजांचं दुसरं लग्न झालं. ही देवासच्या घाटग्यांची, माहेरचं नाव गजराबाई. तिलाही सासरचं नाव मिळालं ते चिमणाबाईच! आजच्या मुलीला हे ऐकून अंगावर काटा येईल, आणि खरं सांगायचं तर मलाही ते कधी पटलं नाही. गेलेल्या बाईचं दालन मिळणं वेगळं, तिचं नावच अंगावर चढवणं वेगळं. पण त्या घरात नाव बदलणं ही सुनांपुरती गोष्ट नव्हती. खुद्द महाराज कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि सयाजीराव झाले. नाव गादीबरोबर येत असे, माणसाने ते घालायचं.

म्हणून बडोद्यात जिथे जिथे ‘चिमणाबाई’ लिहिलेलं दिसेल तिथे आधी साल बघायचं. रावपुऱ्यातला टॉवर १८९६ चा, पण तो पहिलीच्या स्मरणार्थ. न्यायमंदिराला दिलेलं नावही तिचंच. चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ चं, ते दुसरीचं काम. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्ष दुसऱ्या चिमणाबाई. कूचबिहारच्या इंदिराराजे या त्यांच्या कन्या, म्हणजे जयपूरच्या गायत्रीदेवी त्यांची नात. त्या गेल्या १९५८ साली. टॉवरच्या घड्याळाखाली उभं राहून ‘या राणीने महिला परिषद भरवली’ असं सांगणारे मार्गदर्शक मी ऐकले आहेत. टॉवरमधली बाई त्या परिषदेच्या चाळीसेक वर्षं आधीच गेलेली होती.

दुसऱ्या चिमणाबाईंनी एस. एम. मित्रा यांच्यासोबत भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९११ साली छापलं गेलं. त्यावर लेखिका म्हणून ‘बडोद्याच्या महाराणी’ एवढंच आहे. गजराबाई नाही आणि चिमणाबाईही नाही. स्त्रियांच्या कामधंद्यांवर पुस्तक लिहिणारी बाई आणि पुस्तकावर तिचं नावच नाही. असो.

लक्ष्मी विलास पॅलेसला पहिल्या राणीच्या माहेरच्या नावावरून नाव दिलं, असं इथे सगळेच सांगतात. राजवाड्याचं काम लग्नाच्याच वर्षी, १८८० साली सुरू झालं आणि १८९० ला संपलं, त्यामुळे हे सांगणं जुळतं खरं. कुणी म्हणेल, सयाजीरावांच्या आधीचे राजे मल्हारराव यांनी १८७४ मध्ये जिच्याशी लग्न करून एवढा गहजब ओढवून घेतला तीही लक्ष्मीबाईच, म्हणून ते नाव नव्या सुनेला नको झालं असेल. ऐकायला छान आहे. पण नाव इतकं अपशकुनी वाटत असतं तर शहरातल्या सगळ्यात मोठ्या इमारतीवर कशाला लावलं असतं? मी या तर्काच्या बाजूचा नाही.

हे फक्त जुन्या काळी चालत होतं असंही नाही. ग्वाल्हेरच्या विजयाराजे माहेरी लेखा दिव्येश्वरी होत्या, १९४१ च्या लग्नानंतर विजयाराजे झाल्या. नेपाळहून आलेल्या किरण राज्यलक्ष्मी १९६६ साली माधवीराजे झाल्या. शेपटं मात्र बदलत गेली: ग्वाल्हेरला ‘राजे’, बडोद्याला आधी ‘बाई’, मग शांतादेवींच्या पिढीत ‘देवी’, आणि आता इथेही ‘राजे’.

आता तुमच्या पणजी. वाड्यापासून चाळीपर्यंत रीत एकच होती. गृहप्रवेश झाला, लक्ष्मीपूजन झालं, की तांदूळ पसरलेल्या ताटात नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने नाव काढायचं, पेढे वाटायचे, आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव माहेरी. तेव्हा गोदावरीची चिमणाबाई होणं यात नवल काहीच नाही. राणीसाहेबांचा प्रभाव? १९०७-०८ साली बडोद्यात ते नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, त्यामुळे सुचायला सोपं गेलं असेल. पण चिमाबाया गावोगावी होत्या, त्यासाठी राजवाड्याकडे बघायची गरज नव्हती.

तांब्या मात्र नीट वाचा. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. हे फक्त नवरीला लावतात. म्हणजे भांडं लग्नात दिलेलं आणि नाव माहेरचं, हे नक्की. खाली कुणीतरी ‘चि. म्हणजे चिमणाबाईच’ असं लिहिलंय, तो शोध कृपया सोडून द्या. अशीच गफलत ‘गं. भा.’ची होते. ते गंगा भागीरथी, विधवेच्या नावाआधी लावायचे, त्यातून गंगाबाई नावाची पणजी काढू नका. नुसतं ‘सौ.’ असेल तर ते भांडं लग्नानंतरचं आणि नाव बहुधा सासरचं. शके १८२९ मध्ये ७८ मिळवा, १९०७-०८ येतं. दस्तातला संवत १९८१ म्हणजे १९२४ च्या दिवाळीपासून पुढचं वर्ष. दोन्हींत सतराएक वर्षांचं अंतर आहे, आणि खरी अडचण इथेच आहे.

सतरा वर्षांत एक बाई जाऊन दुसरी आलेली असू शकते. त्या काळी बाळंतपणात बायका जात, प्लेग होता, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होती. पुरुष वर्षाच्या आत दुसरेपणाला उभे राहत. म्हणजे गोदावरी हीच चिमणाबाई असेल, किंवा गोदावरी गेली आणि दस्तातल्या चिमणाबाई वेगळ्या. तिसरी शक्यता राजघराण्यासारखी: दोघीही चिमणाबाई. वंशावळीत नुसतं ‘चिमणाबाई’ लिहून मोकळे झालात तर पुढच्या पिढीला हा गुंता सुटणार नाही.

सोडवायचा कसा? तलाठ्याकडच्या पेढीनाम्यावर (वंशावळीच्या कागदावर) फार भिस्त ठेवू नका. तो वारसांसाठी केलेला असतो, मूल न होता गेलेली बाई त्यात येतच नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी घरातली तर्पणाची वही शोधली असती. पितृपक्षाच्या दिवसांत भटजींना वाचून दाखवायला आजोबांनी किंवा त्यांच्या भावाने नावं लिहून ठेवलेली असतात. तर्पणात माता, पितामही, प्रपितामही यांच्याबरोबर सापत्नमातेला वेगळं पाणी सोडतात. त्या ओळीत नाव असेल तर बायका दोन, आणि आजोबांची आई कोणती हेही तिथेच कळेल. ओळ रिकामी असेल किंवा वगळलेली असेल तर गोदावरी हीच चिमणाबाई असं धरायला हरकत नाही. दुसरी जागा देवघर. दुसरं लग्न झालेल्या घरात पहिलीचा चांदीचा टाक ठेवायची रीत होती. देव्हाऱ्यात कुलदैवतांबरोबर एखादा झिजलेला बाईचा टाक असेल आणि तो कुणाचा हे कुणाला सांगता येत नसेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला विचारा. आत्यांना ते माहीत असतं, काकांना नसतं.

नाशिक-त्र्यंबकला कुणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीतही नोंद मिळेल. तिथे बायका सासरच्या नावाने असतात, पण ‘प्रथम’ आणि ‘द्वितीय’ संबंध कधीकधी वेगळे लिहिलेले सापडतात. जाताना आडनावाबरोबर मूळ गाव पाठ करून जा, ‘बडोद्याचे’ एवढ्यावर ते वही उघडत नाहीत.

कागदावर लिहिताना ‘गोदावरी, सासरचं नाव चिमणाबाई’ असं लिहा. ‘उर्फ’ टाळा. सिटी सर्व्हेच्या कामात उर्फ दिसलं की पुरावा मागतात आणि तुमच्याकडे तांब्या आहे, प्रतिज्ञापत्र नाही.

राहता राहिली भाची. ‘चिमणा’ हे नाव मला मनापासून आवडतं, पण बडोद्यात त्याची दोन दुखणी आहेत. इथल्या गुजराती कानाला ते चिमनभाईच्या घरचं वाटतं आणि दाखल्यावर ‘ण’चा ‘न’ होतो. गुजरातीत ‘ણ’ आहे, तेव्हा जन्मनोंदणीच्या अर्जावर तो ठळक काढा आणि दाखला हातात पडला की खिडकी सोडण्याआधी वाचा, नंतरची दुरुस्ती म्हणजे चपला झिजवणं. दुसरं दुखणं, मराठी शाळूसोबती ‘चिऊताई’ करणारच. ते फार तर चौथीपर्यंत टिकतं. ‘बाई’ जोडू नका, ते शेपूट मोठेपणी आपोआप लागायचं, आता लागत नाही.

मला विचाराल तर दाखल्यावर गोदावरी आणि घरात चिमणा. गोदावरी हे त्या घरात येण्याआधीचं पणजींचं स्वतःचं नाव (बायका दोन निघाल्या तर तेवढं आत्याला विचारून मग ठरवा), आणि ते तीन पिढ्यांत कुणी वापरलेलं दिसत नाही. तुमच्या वहिनींना जुनाट वाटत असेल तर ‘गोदा’ करा. इंग्रजीत लिहायलाही सुटसुटीत, आणि बँकेच्या फॉर्मवरच्या चौकोनात मावतं.