हेडलाइट अधूनमधून जाते? होल्डर काढून व्होल्टेज मोजू नका

गाडी खड्ड्यात आदळली की उजवी हेडलाइट बंद, बॉनेटवर थाप मारली की चालू, आणि गॅरेजवाला म्हणतो पूर्ण वायरिंग बदला. तुमचं हे वाचलं आणि आमची जुनी गाडी आठवली. पैसे देण्याआधी थांबा. एकाच बाजूची लाइट जाते तेव्हा सगळी वायरिंग गेलेली असणं अवघडच.

बल्बची अदलाबदल, फ्यूज हलवून बघणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. फक्त एक सांगा, त्या बाजूचे अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा झोत) दोन्ही जातात की एकटा डिपर? दोन्ही जात असतील तर संशय दोघांच्या सामाईक वायरवर, म्हणजे बऱ्याच गाड्यांत अर्थवर (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी, बॉडीला जोडलेली वायर). एकटा डिपर जात असेल तर होल्डरमधली त्याची पिन बघा, काळी पडलेली किंवा सैल असेल.

आता आमची कथा. नाव घेत नाही, पण नाशिकमधलंच चकाचक वर्कशॉप, गाडी लावली की आधी कॉफी विचारतात. त्यांच्या माणसाने होल्डर बल्बवरून काढला, मीटर लावला, साडेबारा व्होल्ट दाखवले आणि म्हणाला, "सप्लाय ओके, बल्ब खराब." बल्ब बदलला. मग हेडलाइटचा अख्खा सेट बदलला. तरी कसारा घाटात लाइट गेलीच, तेही पावसात. शेवटी हातात हार्नेसचं, म्हणजे पूर्ण वायरिंगच्या जुडग्याचं, कोटेशन ठेवलं.

मूळ चूक त्या मोजण्यात होती. मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ५५ वॅटचा डिपर मात्र साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. वाटेत अर्धा ओहम जरी अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि उजेड जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून होल्डर बल्बवरच राहू द्या, लाइट चालू ठेवा. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी होल्डरच्या मागून अर्थच्या पिनला लावा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट आले तर चोर सापडला. मग बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि डिपरची पिन यांच्यात असंच मोजा. तिथे स्विचपर्यंतची लांब वायर मध्ये असते, त्यामुळे थोडं जास्त येणारच. काही गाड्यांत डिपरचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे हा हिशोब उलटतो. आधी वायरिंगचं चित्र बघून घ्या.

आमच्याकडे सापडलं ते बंपरमागे, बॉडीला अर्थ जोडणाऱ्या बोल्टखाली. डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी कुणीतरी ताज्या रंगावरच बोल्ट आवळला होता. आणि ते पेंटिंग केलं होतं त्याच वर्कशॉपने! नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या वायरमनने रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. तेवढ्यावर काम झालं. चहाचे पैसेसुद्धा त्यानेच दिले.

मी मेकॅनिक नाही, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्समध्ये होतो, तेव्हा माझा शब्द अंतिम धरू नका. तरी एक ठाम मत आहे. जुन्या गाडीत १००/९० वॅटचे (अप्पर/डिपर) बल्ब घालू नका. मूळ होल्डर आणि स्विच ६०/५५ साठी असतात, जास्त करंटने तेच वितळतात. एलईडीही नको, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवला की उजेड भलतीकडे फाकतो. रात्री मुंबई हायवेला समोरून असा एखादा आला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि तोंडातून काय निघतं ते इथे लिहिता येणार नाही.

होल्डर वितळला असेल तर सिरॅमिकचा घ्या, पण वायरी नुसत्या पिळून टेप मारू देऊ नका, नीट क्रिम्प करून (धातूच्या टोपणात दाबून) घ्या. रिले किट (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट बल्बला करंट देणारा संच) चांगलंच, पण बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. आणि अर्थ दुरुस्त केल्याशिवाय रिले लावलात तर उपयोग अर्धाच.

तूर्त रात्री वणीच्या घाटात गाडी नेऊ नका. लाइट चालू ठेवून अर्थ आणि पॉझिटिव्ह दोन्हींची रीडिंग घ्या आणि इथे टाका, मग रिलेचं बघू.