फिनलंडचं पान कुठे लावायचं?

टपाल तिकिटांच्या अल्बमला हात घालण्याआधी विचारलंत, हे बरं केलंत. नंतर पानं उसवणं फार जिवावर येतं.

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन म्हणजे स्कँडिनेव्हिया. त्यांत फिनलंड आणि आइसलँड मिळवले की झाले पाच नॉर्डिक देश. तुम्ही अल्बममधल्या या देशांच्या विभागाला 'नॉर्डिक' हेच नाव द्या, म्हणजे फिनलंडचा प्रश्न मिटला. गोंधळ होतो कारण इंग्रजीत बरेच जण पाचही देशांना सरसकट स्कँडिनेव्हिया म्हणतात. विक्रेतेसुद्धा! त्यामुळे पाकिटावरच्या नावावर जाऊ नका, आतली तिकिटं बघा.

नव्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- बाल्टिक समुद्राला किनारा आहे म्हणून स्वीडन, फिनलंडला बाल्टिक देशांत टाकणं. बाल्टिक देश म्हणजे एस्टोनिया, लातव्हिया, लिथुआनिया. १९४० साली ते सोव्हिएत संघात ओढले गेले, १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र म्हणून मान्य झाले. मधल्या सोव्हिएत काळातली तिकिटं सोव्हिएत संघाचीच मिळतील, तेव्हा ती रिकामी जागा बघून घाबरू नका.
- ग्रीनलँड आणि फेरो बेटं डेन्मार्कच्या पानात, ऑलंड बेटं फिनलंडच्या पानात कोंबणं. राज्य डेन्मार्क-फिनलंडचं असलं तरी तिघांची तिकिटं वेगळी निघतात. फेरोची १९७५ पासून, ऑलंडची १९८४ पासून. नॉर्डिक विभागातच त्यांना स्वतंत्र पान द्या.

फेनोस्कँडिया, आर्क्टिक वगैरे प्रदेशांची नावं सध्या सोडा.

पहिली खरेदी? १९५६ची उडत्या हंसांची मालिका. पाचही नॉर्डिक देशांनी एकच चित्र छापलं होतं.