गेममधलं म्युझिक बंद करून खेळलं तर काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ गेमचं म्युझिक बंद करतो, कानात आपली गाणी लावून खेळतो आणि वर म्हणतो, काही बिघडत नाही. बिघडतं. हा प्रयोग मी लहानपणी दोनेक वर्षं केलाय, तोही नाइलाजाने.

आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. वडील अंबडच्या एका कारखान्यात. त्यांची नाइट असली की ते दिवसा झोपायचे, आणि दोन खोल्यांच्या घरात टीव्ही गेम खेळायचा तर आवाज पूर्ण बंद, ही आईची अट. गेम म्हणजे निन्टेन्डोच्या यंत्राची स्वस्तातली नक्कल, कॅसेटमध्ये फुंकर मारल्याशिवाय सुरू न होणारी. त्यात मी मारिओ खेळायचो आणि सारखा एकाच कारणाने मरायचो: वेळ संपून. वेळेचा आकडा वर उजव्या कोपऱ्यात असतो, पण डोळे असतात पुढच्या खड्ड्यावर. कोपऱ्यात बघतो कोण? सुट्टीच्या दिवशी आवाज चालू करून खेळलो तेव्हा उलगडा झाला. वेळ १०० च्या खाली गेली की एक छोटीशी इशाऱ्याची धून वाजते आणि मागचं संगीत दामटायला लागतं. चांदणी मिळाली की थोडा वेळ शत्रू मारिओचं काही बिघडवू शकत नाहीत, आणि तेवढा वेळ धूनच बदलते. ती जुन्या चालीवर आली की समजायचं, आता जपून.

म्हणजे ते संगीत नुसती सजावट नव्हतं, कानाला दिलेली बातमी होती. आरतीत शेवटी ‘हरे राम’ला टाळ्यांची लय चढते, तेव्हा आतल्या खोलीत प्रसाद काढणाऱ्यालाही कळतं की आटोपत आलं. तसंच. आणि आमच्या नाशिक ढोलची लय दुप्पट झाली की पाय कोणाला विचारून उचलतात का?

ही युक्ती मारिओच्याही आधीची. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या परग्रहवासीयांना टिपायच्या गेममध्ये संगीत म्हणजे फक्त चार उतरते, जाडे स्वर, पुन्हा पुन्हा. परग्रहवासी जसे कमी होतात तसे उरलेले जोरात सरकतात आणि ते चार स्वरही धावतात. चार स्वरांत छातीत धडधड! मारिओचे संगीतकार कोजी कोंडो यांच्याकडे तरी काय होतं? निन्टेन्डोच्या त्या यंत्रातून एका वेळी पाचच आवाज निघायचे, त्यातला एक तर नुसती खरखर, जिचा ताल म्हणून वापर व्हायचा. उडीचा, नाण्याचा आवाजही त्याच पाचांतून उसना. एवढ्याशा भांडवलावर केलेली चाल आज ४० वर्षांनीही लोक गुणगुणतात.

पुढची गंमत मला जास्त आवडते. सिनेमात प्रसंग किती मिनिटांचा हे संगीतकाराला आधीच ठाऊक असतं. गेममध्ये खेळणारा दारापाशी दोन सेकंद थांबेल की जेवायला निघून जाईल, कोण सांगणार? ‘मंकी आयलंड २’ या १९९१ च्या गेममध्ये मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी यावर तोड काढली. तुम्ही एका जागेतून दुसरीकडे गेलात की चाल मध्येच तुटत नाही. गेम योग्य मात्रेची वाट बघतो आणि मग दुसऱ्या चालीत शिरतो. तबलजी तुकडा वाजवून बरोब्बर समेवर येतो ना, ते काम इथे कॉम्प्युटर करतो. आता तर थर रचतात: शत्रू लांब असताना तंतुवाद्यं, जवळ आला की खाली ताल सुरू. आधी ताशा एकटा तडतडतो आणि मग ढोल उतरतात, तसं.

भावाच्या बाजूनेही एक सांगतो. तो बीजीएमआयसारखं काही, म्हणजे मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम, खेळत असेल तर म्युझिक बंद करणं रास्तच आहे, तिथे पावलांचा आवाज महत्त्वाचा. पण मग कानात गाणी लावून तो पावलांचाही आवाज घालवतोय, हे त्याला विचारा! गोष्टीचा गेम असेल तर मात्र हेडफोन लावून, गेमचाच आवाज ऐकत खेळायला सांगा. पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०) घ्या. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या परदेशी माणसाचं, आणि तरीही कानाला परकं वाटत नाही.

वडिलांनी आयुष्यात कधी गेमचा रिमोट हातात घेतला नाही. एका सुट्टीच्या दुपारी ते आत पडले होते, टीव्हीकडे पाठ करून. मी एका पाइपापाशी नाणी गोळा करत रेंगाळलो होतो. तेवढ्यात आतून आवाज आला, “अरे, पळ की, वेळ संपत आली!”