दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कागद कापून करताय? आधी उजेड ठरवा

गावच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ पहिल्यांदाच कागद कापून करताय आणि थर किती घ्यावेत, स्कॅन करावं की फोटो काढावा, असं विचारलंय. माझं म्हणणं, कटर हातात घेण्याआधी उजेड कुठून येणार ते ठरवा. वाचकाच्या हातात तुमचा कागद जात नाही, त्याचा छापलेला फोटो जातो, आणि त्यात कागद कागदासारखा दिसतो तो मुख्यतः सावलीमुळे. सावली नको असेल तर एवढी कापाकापी कशाला, संगणकावरच करा की!

थर तीन, फार तर चार. मध्ये ३ मिमी सनबोर्डच्या (हलक्या, कडक फोम शीटच्या) पट्ट्या लावा, पण कडेपासून आत, दिसू देऊ नका. सगळीकडे सारखं अंतर ठेवलं की चित्र सपाट वाटतं. जिकडे नजर जायला हवी, त्या आकाराखाली दोन पट्ट्या एकावर एक चढवा.

फोटोच काढा. घरगुती स्वस्त स्कॅनर बहुतेक सीआयएस (कॉन्टॅक्ट इमेज सेन्सर) जातीचे असतात, काचेला टेकलेलं तेवढं स्पष्ट घेतात आणि वर उचललेले थर धूसर करतात. खिडकीचा उजेड वरच्या डाव्या बाजूनं येऊ द्या, थेट ऊन नको. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की सावली काळीकुट्ट होत नाही. घरातले दिवे बंद ठेवा, नाहीतर दोन रंगांच्या दोन सावल्या पडतात. मोबाइल असला तरी चालेल, फक्त वाइड लेन्स नको आणि कॅमेरा चित्राला समांतर हवा. सावली कोणत्या बाजूला पडली आहे, हे मांडणी करणाऱ्याला सांगून ठेवा. त्यानं अंकाच्या नावाला उलट दिशेची सावली दिली, तर सगळी मेहनत खोटी दिसते.

वरचा साधारण चौथा भाग मोकळा सोडा. तिथे अंकाचं नाव, वर्ष, किंमत येणार, आणि ऐनवेळी प्रायोजकाचा लोगोही येतो (येतोच). मलपृष्ठ बहुधा जाहिरातीला गेलेलं असतं, तेव्हा चित्र मागे वळवण्याच्या भानगडीत पडू नका. अंक छापून कापल्यानंतरचा नेमका आकार प्रेसकडून घ्या आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (छापून कापला जाणारा जादा भाग) धरा.

आता कागद. हे काम हातात येतं ऐन पावसाळ्यात, आणि दमट हवेत कागद वळतो. फेविकॉलमध्ये पाणी असतं, त्यानं पातळ कागदाला लाटा येतात. दुहेरी टेप बरी. कापायला १६० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कार्डशीट आणि ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड. पातं बोथट व्हायच्या आत बदला. हातकागद पार्श्वभूमीला सुंदर दिसतो, पण बारीक कापात त्याचे तंतू निघतात. कंदिलाचा चकचकीत कागद मात्र टाळा: सोनेरी रंग छपाईत मातकट येतो आणि निऑन रंग चार रंगांच्या छपाईत उतरतच नाहीत. हवा तो रंग बाजारात मिळाला नाही, तर पांढऱ्या कागदावर पोस्टर कलर लावून, वाळवून, मग कापा. फ्रेंच चित्रकार मातीस आपल्या कटआउटसाठी (कापलेल्या कागदांच्या चित्रांसाठी) असेच गुआशनं, म्हणजे अपारदर्शक जलरंगानं, रंगवलेले कागद वापरायचा.

नक्षी नाजूक असेल तर मथुरा-वृंदावनची सांझी ही कागद कापण्याची कला बघा. तिथे आकार एकमेकांना धरून ठेवणारे दुवे लपवत नाहीत, वेलीच्या देठासारखे नक्षीतच मुरवतात. तुमचे दुवे २ मिमीपेक्षा बारीक नकोत, विशेषतः मूळ चित्र मोठं करून छपाईत लहान होणार असेल तर.

मॅट लॅमिनेशननं गडद रंग थोडे फिके दिसतात, म्हणून प्रूफ (छपाईचा नमुना) लॅमिनेशनसकट मागा. आणि मूळ काम परत हवं असेल तर ते मानधनासोबतच लेखी घ्या.